आवडत्या वस्तूची चार वाक्ये: प्राथमिक वर्गातल्या लेखनाचा आढावा

'माझी आवडती वस्तू' हा विषय महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेला असतो. बाई किंवा गुरुजी फळ्यावर विषय लिहितात, खाली सूचना असते, चार-पाच वाक्ये लिहा. वर्गातल्या वह्या एकापाठोपाठ एक उघडल्या तर वाक्येही जुळी निघतात. वस्तूचे नाव, तिचा रंग, ती कोणी आणली, आणि शेवटी ती मला खूप आवडते. सायकल असो, बाहुली असो की कंपासपेटी, आवड एकाच मापाची. आता तर मोबाइलवर या विषयाच्या तयार दहा ओळी वाचून दाखवणारे व्हिडिओही मिळतात, आणि पालक त्या मुलाकडून पाठ करून घेतात.

हा स्वाध्याय किरकोळ दिसतो. पण सहा ते आठ वर्षांच्या मुलाला लिहायला शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे, या शंभर वर्षांच्या वादातल्या जवळजवळ सगळ्या बाजू त्यात समोरासमोर येतात. आधी अक्षर की आधी म्हणणे? साचा द्यायचा की मोकळे सोडायचे? चूक लगेच दुरुस्त करायची की नंतर? घरची बोली वहीत चालते का? आणि ज्या मुलाकडे 'आवडती वस्तू' म्हणावी असे काही नाही, त्याने काय लिहावे? जगभरात यावर झालेले काम आणि आपल्याकडचे प्रयोग, दोन्हींचा हिशेब इथे मांडतो.

कित्त्यापासून मुक्त लेखनापर्यंत

पंतोजींच्या शाळेत लेखन म्हणजे धूळपाटीवर अक्षर घोटणे आणि मग कित्ता गिरवणे. स्वतःचे वाक्य रचणे हा तिथला विषयच नव्हता. लिहिता येणे म्हणजे वळणदार अक्षरात पत्र, दस्त, हिशेब उतरवता येणे. इंग्रजी अमलातल्या शाळांबरोबर 'निबंध' आला. चिपळूणकरांच्या निबंधमालेने 1874 पासून त्याला मराठीत प्रतिष्ठाही मिळवून दिली. पण तो प्रौढांचा प्रकार होता. शाळेत तो खाली उतरत उतरत दुसरी-तिसरीपर्यंत पोचला तेव्हा त्याचा सांगाडा राहिला आणि निबंधकाराचा स्वतःचा आवाज वाटेत गळला.

या रीतीला पहिला मोठा धक्का बालशिक्षणाच्या बाजूने बसला. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये 'कासा दे बांबिनी' सुरू केली. खरकागदाची अक्षरे बोटांनी गिरवणारी चार-पाच वर्षांची मुले तिथे वाचण्याआधीच लिहू लागली आणि लेखन अचानक 'उसळून' आल्याची वर्णने जगभर गाजली. लेव व्हिगॉट्स्की यांनी त्यावर घेतलेला आक्षेप आजही वाचण्यासारखा आहे. माँटेसरींच्या मुलांनी सुबक अक्षरात लिहिलेल्या ईस्टरच्या शुभेच्छापत्राचा दाखला देऊन ते म्हणतात की हे हाताचे कौशल्य झाले. लेखनाची मुलाला आतून गरज वाटली पाहिजे, ते त्याच्या जगण्यातल्या कशासाठी तरी उपयोगी पडले पाहिजे. अक्षरे शिकवली जातात, लिखित भाषा शिकवलीच जात नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

आपल्याकडे भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरी पद्धत इथल्या मातीत रुजवली. ताराबाई पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघांबरोबर वारली मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवताना शंख-शिंपले, बिया, पाने, दगड हीच शिक्षणाची साधने झाली. पुढच्या चर्चेसाठी हे लक्षात ठेवायला हवे, कारण वस्तू हातात घेऊन बोलणे आणि त्यातून भाषेकडे जाणे हा विचार मराठी बालशिक्षणात बाहेरून अलीकडे आलेला नाही.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी विसाच्या दशकात गावच्या शाळेत छापखानाच आणला. मुले स्वतःच्या अनुभवावर 'मुक्त मजकूर' लिहीत, वर्ग त्यातला एक निवडी, सगळे मिळून तो नीट करत, खिळे जुळवत, आणि छापलेला मजकूर दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवत. म्हणजे वाक्याला खराखुरा वाचक होता. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना शिकवताना आणखी आत हात घातला. 'टीचर' हे त्यांचे पुस्तक 1963 चे. रोज सकाळी त्या प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? भुताचा, भांडणाचा, आईचा, जो मागेल तो शब्द जाड कार्डावर लिहून देत. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर कार्ड काढून टाकत, कारण तो शब्द त्याचा नव्हताच. अशा शब्दांतून मुलांची पहिली वाक्ये आणि त्यांची स्वतःची पुस्तके तयार होत.

महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकापासून काही ठिकाणी याच दिशेने सातत्याने काम झाले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचे कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरला लीलाताई पाटलांचे सृजन आनंद विद्यालय, अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांच्या नावाशी जोडलेली ग्राममंगल, ही त्यातली ठळक नावे. प्रत्येकाचा भर वेगळा, पण मुलाने स्वतःचे काही सांगावे आणि लिहावे यावर सगळ्यांचे एकमत.

वस्तूच का?

अनुभव, प्राणी, सण, सहल असे विषय असताना 'आवडती वस्तू' इतकी टिकून का आहे? शिक्षकांचे उत्तर व्यवहाराचे असते: वस्तू समोर ठेवता येते, मुलाला आठवत बसावे लागत नाही. मानसशास्त्राचे उत्तर याहून खोल जाते. डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 च्या निबंधात दाखवले की गोधडीचा तुकडा किंवा मळके खेळणे हे बाळासाठी आई आणि बाहेरचे जग यांच्या मधल्या जागेत उभे असते. ते धुतलेलेही मुलाला खपत नाही. अशा वस्तूचा रंग विचारणे म्हणजे चुकीचे दार ठोठावणे.

मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रॉचबर्ग-हॅल्टन यांचे 1981 चे 'द मीनिंग ऑफ थिंग्ज' लेखन-शिक्षणाच्या चर्चेत फारसे येत नाही, यायला हवे. शिकागोतल्या 82 कुटुंबांतल्या तीन पिढ्यांच्या 315 माणसांना त्यांनी विचारले, घरातल्या कोणत्या वस्तू तुम्हाला मोलाच्या वाटतात आणि का? थोरांच्या उत्तरांत छायाचित्रे आणि माणसांच्या आठवणी पुढे होत्या. लहानांच्या उत्तरांत ज्यांनी काही करता येते अशा वस्तू होत्या. वस्तू सुंदर किंवा महाग आहे हे कारण दोघांकडेही मागे पडत होते.

आता शाळेतला ठरलेला साचा याच्या शेजारी ठेवून पाहा. रंग, आकार, किंमत, उपयोग. साचा विशेषणे मागतो आणि मुलाचे प्रेम असते क्रियापदांत: भोवरा फिरतो, हातावर घेता येतो, गुंजतो, परवा आरीचे टोक मोडले, दादाने घासून दिले. माझ्या मते या स्वाध्यायातला सगळ्यात मोठा घोटाळा इथे आहे आणि तो मुलाच्या भाषेच्या कुवतीचा नाही. आपण वस्तूचे वर्णन मागतो. मुलाकडे वस्तूची हकिकत असते. ती विचारलीच जात नाही, म्हणून मग 'खूप आवडते' हे वाक्य तिची जागा भरून काढते.

हकिकत विचारली तरी ती ऐकून घेणे सोपे नसते, हे सारा मायकल्स यांच्या 1981 च्या अभ्यासातून दिसते. कॅलिफोर्नियातल्या पहिलीच्या वर्गात सकाळी मुले गोल बसून घरून आणलेल्या वस्तूंबद्दल किंवा घडलेल्या गोष्टींबद्दल सांगत. एका गोऱ्या मुलीने स्वतः बनवलेल्या मेणबत्त्या दाखवल्या. शिक्षिका मध्ये मध्ये नेमके प्रश्न विचारत गेल्या आणि मुलीचे बोलणे लेखाच्या घाटाचे होत गेले. एका कृष्णवर्णीय मुलीने वाढदिवसाला मिळालेली पर्स दाखवली आणि समुद्रकिनारा, आजीचे घर, मैत्रीण असे एकातून एक सांगत राहिली. शिक्षिकेला त्यात विषय सापडेना. अशा सांगण्याला वर्गात वारंवार थांबवले जात होते. मायकल्स यांचा निष्कर्ष असा की दोन्ही मुलींच्या कथनाला आपापली वीण होती, शिक्षिकेच्या कानाला त्यातली एकच ओळखीची होती. पुढे कोर्टनी कॅझडेन आणि सहकाऱ्यांनी अशा कथनांचे नमुने प्रौढांना ऐकवले तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांचे अभिप्राय वेगळे निघाले. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकलेले आपले मूलही असेच आडवळणाने सांगते. 'मुद्द्याचे बोल' म्हणताना आपण कोणत्या घरचा मुद्दा प्रमाण धरतो, हा प्रश्न मराठी वर्गालाही लागू आहे.

आधी हात, की आधी म्हणणे?

यानंतर वाद पद्धतीचा. पहिली भूमिका थोडक्यात अशी: ज्या मुलाला 'ट' कसा काढायचा हे आठवावे लागते, त्याच्या डोक्यात वाक्य टिकत नाही. कार्यस्मृती मर्यादित असते. अक्षर काढण्यात ती खर्च झाली तर काय म्हणायचे होते ते हरवते. म्हणून अक्षरे, स्वरचिन्हे, शब्द यांवर हात बसेपर्यंत स्वतंत्र लेखनाची घाई नको. ही भूमिका जुन्या 'कित्ता गिरव' विचाराचे नुसते नवे रूप नाही. तिच्यामागे व्हर्जिनिया बर्निंगर, स्टीव्ह ग्रॅहम यांच्यासारख्यांचे दीर्घ काम आहे. ग्रॅहम, हॅरिस आणि फिंक यांच्या 2000 सालच्या अभ्यासात अक्षर काढणे जड जाणाऱ्या पहिलीच्या मुलांना थोडा थोडा वेळ हस्ताक्षराचा नेमका सराव दिला, तेव्हा त्यांचे अक्षर सुधारलेच, शिवाय वाक्ये लिहिण्याचा ओघही वाढला. आपल्या शाळांतला अनुलेखनाचा डोंगर मात्र या पुराव्यावर उभा नाही. संशोधनातला सराव छोटा, रोजचा आणि लिहिण्याच्या जोडीने आहे. आपल्याकडे तो लिहिण्याच्या बदली चालतो.

दुसरी भूमिका म्हणते की मूल शाळेत येण्याआधीच लिपीबद्दल अंदाज बांधत असते. एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की यांनी 1979 मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून हे टप्पे दाखवले. आधी रेघोट्या, मग शब्दाच्या उच्चारातल्या एका अवयवाला एक खूण, मग हळूहळू वर्ण. इंग्रजीत चार्ल्स रीड यांनी 1971 मध्ये दाखवले की लहान मुलांच्या चुकीच्या स्पेलिंगमागे ध्वनीचा सूक्ष्म तर्क असतो. यातून डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांचे 'प्रक्रियालेखन' पुढे आले. त्यांच्या 1983 च्या पुस्तकाचा सांगावा असा की विषय मुलाने निवडावा, आधी कच्चे लिहावे, शिक्षकाने शेजारी बसून मजकुराबद्दल विचारावे, मग पुन्हा लिहावे, शेवटी वर्गापुढे प्रसिद्ध करावे. शुद्धलेखन शेवटच्या टप्प्यात. लिंडा क्लार्क यांच्या 1988 च्या तुलनेत अंदाजाने लिहू दिलेल्या पहिलीच्या मुलांचे शब्दलेखन पुढे मागे पडले नाही, उलट कमी तयारीने आलेल्यांना त्याचा अधिक फायदा झाला.

हे मराठीला कितपत लागू पडते? फेरेरोंच्या मुलांचा 'एका अवयवाला एक खूण' हा अंदाज स्पॅनिशमध्ये चुकीचा ठरतो आणि मुलाला तो सोडावा लागतो. देवनागरीत तो बऱ्याच अंशी खरा आहे. अडचण स्वरचिन्हांपाशी आणि जोडाक्षरांपाशी सुरू होते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासातून दाखवले आहे की अक्षरमालेचा पसारा मोठा असल्याने तिच्यावर पकड यायला चौथीच्या पुढेही वेळ लागतो. सव्वीस अक्षरांच्या वर्गातले वेळापत्रक इथे चालणार नाही. पण त्यातून परस्परविरोधी दोन निष्कर्ष काढले जातात. एक पक्ष म्हणतो, म्हणून बाराखडी पक्की होईपर्यंत थांबा. दुसरा म्हणतो, इतका काळ लागणार असेल तर थांबणे परवडणारच नाही. तिसरी संपेपर्यंत मूल स्वतःचे एक वाक्य न लिहिता राहील.

हा दुसरा धोका काल्पनिक नाही. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी 'लिरिल' या प्रकल्पात कर्नाटकातल्या यादगीर आणि महाराष्ट्रातल्या वाडा तालुक्यातल्या मुलांचा पहिली ते तिसरी असा मागोवा घेतला. वाड्यातल्या कामात नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था सहभागी होती. वर्गातले लेखन बहुतांशी फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवून घेण्याचे होते आणि स्वतःचे म्हणून काही लिहिण्याची संधी क्वचित, हे त्यातले ठळक निरीक्षण. मराठी मुलांच्या आरंभीच्या लेखनाकडे इतक्या बारकाईने पाहणारे काम फार नाही, म्हणून त्याचे मोल जास्त.

साचा द्यावा का?

'ही माझी ___ आहे. ती मला ___ ने दिली.' गाळलेल्या जागांचा हा साचा टीकेचा आवडता बळी आहे. तरी त्याच्या बाजूने बोलणारे हलके लोक नाहीत. ऐंशीच्या दशकात सिडनीतल्या जे. आर. मार्टिन, जोन रॉदरी प्रभृतींनी प्रक्रियालेखनावर आक्षेप घेतला. 'हवे ते लिहा' म्हटले की ज्या घरात पुस्तकी भाषा बोलली जाते त्या घरचे मूल पुढे जाते. बाकीच्यांना लेखनप्रकाराची रचना उघडपणे, नमुना दाखवून, एकत्र लिहून शिकवली पाहिजे. लिसा डेल्पिट यांनी 1988 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या संदर्भात हेच अधिक धारदारपणे मांडले: सत्तेच्या भाषेचे नियम ज्यांच्या घरात नाहीत, त्यांना ते सांगायलाच हवेत. मोकळीक हा बाहेरून उदार दिसणारा आणि आतून अन्यायाचा मार्ग ठरू शकतो.

वाक्याच्या पातळीवरचा अलीकडचा चर्चेतला प्रयत्न ज्युडिथ हॉकमन आणि नॅटली वेक्सलर यांचा. त्यांच्या 2017 च्या पुस्तकातली एक युक्ती मराठीत सहज बसते. एकच वाक्य द्यायचे आणि ते 'कारण', 'पण', 'म्हणून' लावून तीन प्रकारे पुरे करायला सांगायचे. 'मला माझी सायकल आवडते कारण…', 'मला माझी सायकल आवडते पण…' यातला 'पण' फार कामाचा. 'कारण' नंतर मुले ठरलेले उत्तर देऊ शकतात. 'पण' नंतर चेन पडते, सीट उंच असते, ती ताईचीसुद्धा असते. म्हणजे हकिकत येते. हाही साचाच, फक्त तो वाक्याचा सांधा देतो आणि मजकूर मुलाकडे ठेवतो. गाळलेल्या जागेचा साचा याच्या बरोबर उलट वागतो.

ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या 2007 च्या आढाव्यातही छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव उपयोगी ठरला, आणि सुटे व्याकरण शिकवण्याचा लेखनाला फायदा झालेला दिसला नाही. तो आढावा चौथीपासून पुढच्या वर्गांचा आहे. दुसरीवर तो जसाच्या तसा लादता येत नाही. इंग्लंडच्या 2014 पासूनच्या अभ्यासक्रमात पहिलीच्या मुलाने वाक्य लिहिण्याआधी ते तोंडी रचून पाहावे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मुक्त लेखनवाले व रचनावाले दोघेही याला आक्षेप घेत नाहीत. इतके एकमत या क्षेत्रात दुर्मीळच.

मराठी वाक्याचे स्वतःचे प्रश्न

बाहेरच्या संशोधनात न सापडणारे काही प्रश्न मराठीच्या पोटातच आहेत. लिंगाचा पहिला. वस्तू बदलली की सगळे वाक्य हलते: माझा भोवरा, माझी बाहुली, माझे दप्तर, आवडतो, आवडते, आवडते. मराठी घरातले मूल हे चौथ्या वर्षी बोलताना बिनचूक करते. फळ्यावरचा साचा स्त्रीलिंगी असेल आणि मुलाची वस्तू चेंडू असेल, तर नेमके हेच मूल 'ही माझी चेंडू आहे' असे लिहून बसते. ती चूक साच्याची असते आणि लाल खूण मुलाच्या वहीत पडते. भूतकाळात तर क्रियापद कर्त्याला सोडून वस्तूशी जुळते: मी भोवरा फोडला, मी बाहुली सजवली. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारात भिली बोलणाऱ्या आणि मुंबई-पुण्यात हिंदी बोलत वाढणाऱ्या मुलाला हकिकत सांगायला निघताच ही सगळी वळणे एकदम भेटतात. वर्णनाचा साचा काही शिक्षकांना सुरक्षित वाटतो त्याचे हेही एक कारण आहे: त्यात वर्तमानकाळ असतो, 'आहे' असते, घसरण्याच्या जागा कमी.

दुसरा प्रश्न बोलल्याप्रमाणे लिहिण्याचा. मूल म्हणते 'माझं दप्तर आज्जीनं आणलं'. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या आणि 1972 मध्ये भर पडलेल्या लेखनविषयक नियमांनुसार औपचारिक लेखनात 'माझे', 'आणले' अपेक्षित; 'माझं', 'आणलं' ही बोलण्याची रूपे. दुसरीच्या मुलाने पहिल्यांदाच मनातले लिहिले आणि दोन्ही शब्द खोडले गेले, तर पुढच्या वेळी ते मनातले लिहील का? एक गट सांगतो की सवय पहिल्यापासून लागावी. दुसरा गट विचारतो की मोठ्यांच्या कथा-कादंबऱ्यांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जी रूपे राजरोस चालतात ती मुलाला का नाकारायची? ऱ्हस्व-दीर्घाचे तर बोलायलाच नको. उच्चारात फरक ऐकू येत नाही तिथे ध्वनीवरून लिहिणाऱ्या मुलाकडे दुसरा आधारच नसतो.

बोलींचा प्रश्न यापुढचा. 'हाय', 'व्हतं', 'म्या' वहीत आले तर? कृष्णकुमार यांनी 'बच्चे की भाषा और अध्यापक' या छोट्या पुस्तकात मुलाची भाषा हे शिक्षकाचे भांडवल आहे अशी भूमिका घेतली आणि ती आज धोरणांच्या कागदांवर सर्वमान्य आहे. वर्गात मात्र शिक्षक कात्रीत असतात. केंद्रप्रमुख वही पाहतात, पालक पाहतात, आणि अनेकदा पालकच म्हणतात की बोली घरी आहेच, शाळेत शुद्ध शिकवा. डेल्पिट यांचा मुद्दा इथे पालकांच्या तोंडून येतो, आणि तो केवळ न्यूनगंड म्हणून झटकता येत नाही. गोव्यात घरी कोंकणी बोलून मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत जाणारी मुले आहेत, तिथे गुंता आणखी वेगळा. अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांमध्ये तर मुलाकडे वस्तूची हकिकत इंग्रजीत तयार असते आणि मराठीत नेमके क्रियापद सापडत नाही. तिथले शिक्षक चित्रे, हावभाव आणि मिश्र वाक्ये चालवून घेतात. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागातल्या वर्गाला त्यांच्याकडून घेण्यासारखे काही आहे.

ज्यांच्याकडे दाखवायला काही नाही

'घरून आवडती वस्तू आणा' ही सूचना निरागस नाही. रिमोटची गाडी आणि चिंचोके एकाच चटईवर ठेवले की मुले किंमत ओळखतात. म्हणून काही शिक्षक वस्तू आणायला न सांगता फक्त सांगायला सांगतात, तर काही जण घराबाहेर सापडलेली वस्तू ही अट घालतात: दगड, पीस, बाटलीचे बूच. टक्सनमधल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांबरोबर काम करून लुईस मॉल आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये 'ज्ञाननिधी'ची कल्पना मांडली. गरीब घराला रिकामे समजू नका, तिथे शेतीचे, दुरुस्तीचे, औषधपाण्याचे ज्ञान भरलेले असते, ते शिक्षकाने घरी जाऊन शोधावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला दिवाळीच्या आसपास घर सोडताना गाडीत काय न्यायचे आणि मागे काय ठेवायचे याची निवड करावी लागते. आश्रमशाळेतल्या मुलाची सगळी मालमत्ता एका पत्र्याच्या पेटीत, कुलपाखाली असते. या मुलांकडे वस्तूंची हकिकत कमी नाही, कदाचित जास्तच आहे.

पण इथे एक सावधगिरीची बाजूही मांडली जाते आणि ती रास्त आहे. वस्तूची हकिकत विचारताना शिक्षक मुलाच्या दुःखावरही बोट ठेवू शकतो. वारलेल्या आजोबांची काठी, सोडून गेलेल्या वडिलांचे घड्याळ. ॲश्टन-वॉर्नर यांनी भीतीचे शब्दही मुलांच्या हाती दिले. चाळीस मुलांच्या वर्गात, नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाने तेवढे धाडस करावे का? न सांगण्याची मुभा आधी दिलेली असावी, यावर तरी बहुतेकांचे जमते.

धोरणात लेखन कुठे?

याचे उत्तर लवकर संपते. 2021 पासूनच्या निपुण भारत अभियानाची शाळांच्या भिंतींवर पोचलेली उद्दिष्टे मुख्यतः वाचनाची आणि गणिताची आहेत. तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचणे, हे त्यातले सर्वपरिचित. 'असर'च्या पाहण्यांचा रोखही वाचन आणि गणितावर. पायाभूत स्तराच्या 2022 च्या राष्ट्रीय आराखड्याने मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन अशी चार अंगे रोज हाताळावीत असे म्हटले आहे, आणि हा मोठा बदल आहे. तरी जे मोजले जाते तेच वर्गात वाढते. वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजता येतो. दोन वाक्यांतले कोणते जास्त जिवंत हे मोजण्याचे सोपे साधन नाही, आणि असले तरी ते बिघडायला वेळ लागणार नाही.

न सुटलेले

मराठीपुरते बोलायचे तर काही प्रश्नांवर अजून हातात पुरावा नाही, मते आहेत. स्वरचिन्हे अर्धवट आलेली असताना अंदाजाने लिहू दिल्याने मराठी मुलाचे शब्दलेखन पुढे सुधारते की चुकीच्या सवयी बसतात? इंग्रजी आणि स्पॅनिशमधली उत्तरे उसनी घेऊन भागणार नाही. 'माझं' कधी 'माझे' व्हावे, दुसरीत की चौथीत, आणि तो बदल चूक म्हणून शिकवायचा की लिहिण्याची वेगळी रीत म्हणून? वाक्याचा सांधा देणारे साचे किती दिवस ठेवायचे आणि केव्हा काढून घ्यायचे? साचा काढला की मूल जुन्याच चार वाक्यांकडे परतते, की हकिकत टिकते?

त्याहून व्यवहाराचा प्रश्न प्रतिसादाचा आहे. फ्रेनेंचा मुद्रित कागद, ग्रेव्ह्ज यांचे शेजारी बसून विचारणे, मायकल्स यांनी टिपलेला तो मेणबत्त्यांचा संवाद, सगळीकडे मुलाच्या वाक्यानंतर कोणीतरी पुढचे विचारणारे आहे. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात, शिवाय पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरणे. त्याला प्रत्येक वहीत बरोबरची खूण करायला वेळ मिळतो, 'मग आरीचे टोक कशाने मोडले?' असे लिहायला मिळत नाही. मुलांनी जोडीने एकमेकांची वाक्ये वाचून एक-एक प्रश्न विचारावा, मोठ्या इयत्तेतल्या मुलाने लहानाचे ऐकून लिहून घ्यावे, आठवड्याला पाचच मुलांशी शिक्षकाने नीट बोलावे, असे उपाय सुचवले जातात. बहुवर्ग शाळांत ते कितपत चालतात, आणि मुलाने विचारलेला प्रश्न शिक्षकाच्या प्रश्नाची जागा कितपत घेतो, हे तपासायला वाड्यातल्यासारखा दोन-तीन वर्षे वर्गात बसणारा अभ्यास लागेल.